पट्टीचे वजन आणि स्वराचा कर्ता
ग्रँड पियानोची पट्टी दाबताना बोटाला जाणवणारा भार म्हणजे तिचे स्पर्शवजन. ते मोजताना उजवे पेडल दाबून डँपर उचललेले ठेवतात आणि पट्टीच्या पुढच्या टोकावर ग्रॅमची वजने ठेवतात. समजा, पट्टी 50 ग्रॅमला सावकाश खाली गेली आणि 24 ग्रॅम पेलून वर आली. तर फरकाचा अर्धा भाग, 13 ग्रॅम, घर्षणाचा आणि सरासरी, 37 ग्रॅम, तोलाची. घर्षण वाढले असेल तर आधी सांध्यांतल्या पिना तपासाव्यात. ते सोडून पट्टीत शिसे ठोकणे ही निव्वळ मलमपट्टी: आकडा उतरतो, जडत्व वाढते आणि जलद वादनात हात भरून येतो.

तत्त्वज्ञानाचा प्रश्न इथेच उभा राहतो: स्वराचा कर्ता कोण? हातोडी तारेपासून दीड-दोन मिलिमीटरवर असतानाच यंत्रणेतून सुटते. पुढे बोटाचे तिच्यावर काही चालत नाही. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स जीन्स यांनी 1937च्या ‘सायन्स अँड म्युझिक’मध्ये म्हटले की, सुट्या स्वरापुरता वेग तेवढा महत्त्वाचा, पट्टी कलावंताने दाबली काय किंवा छत्रीच्या टोकाने, सारखेच. यंत्रापुरते हे बव्हंशी खरे (पट्टी तळाला आपटल्याचा आवाज वेगळा धरायचा). पण तो वेग ठरवणारे बोट पट्टीचा प्रतिकार अजमावतच चालते. तोल बिघडला की हळुवार स्वरांवरचा ताबा आधी सुटतो. म्हणून कर्तेपण एकट्या वादकाच्या पदरात टाकता येत नाही. तंत्रज्ञाचाही त्यात वाटा आहे.