थोरला

दोन पांढऱ्या भिंती आहेत. पांढरेपणात त्या एकमेकींसारख्या आहेत. उद्या त्यांतली एक पाडली, तर उरलेलीचे काय गेले? तिचा चुना जागच्या जागी आहे, पांढरेपणा रतिभरही उणा झालेला नाही. सारखेपणा मात्र गेला. मग तो इतके दिवस राहत होता तरी कोठे?

एखाद्या पोराने वर्गात असे विचारले असते, तर मी त्याला हसून खाली बसवले असते. परंतु तेराव्या-चौदाव्या शतकांत पॅरिस आणि ऑक्सफर्ड येथल्या पंडितांनी या प्रश्नावर आपली बुद्धी पणाला लावली. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या पदार्थांच्या यादीत ‘संबंध’ हा एक वर्ग धरला होता. आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे एकच ईश्वर असून त्यांचे वेगळेपण केवळ परस्परसंबंधाचे, अशी त्यांच्या धर्माची शिकवण होती. तेव्हा हा रिकामपणचा वाद नव्हे.

टॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) खांबाचा दाखला देतो. खांब कुणाच्या तरी उजवीकडे असतो. पण खांबाला स्वतःची उजवी बाजू कुठली? तसाच सृष्टीचा ईश्वराशी संबंध खरा. ईश्वराचा सृष्टीशी संबंध मात्र आपल्या बुद्धीने जोडलेला. विटेवर उभ्या राहून वाट पाहणाऱ्या देवाच्या मुलखातला मी, मला हे पचेना.

भिंती माझ्या, पण युक्तिवाद डन्स स्कोटसचा (मृत्यू १३०८). ज्याच्यावाचून पांढरेपणा राहू शकतो, ते पांढरेपणाहून वेगळेच असले पाहिजे, म्हणून संबंध ही खरोखरीची वेगळी वस्तू, असे तो म्हणतो. ऑकमच्या विल्यमने (मृत्यू १३४७) त्याला चांगलाच चिमटा काढला. मी बोट हलवले की विश्वातल्या प्रत्येक वस्तूपासूनचे त्याचे अंतर बदलते. प्रत्येक अंतर ही निराळी वस्तू मानली, तर एका बोटासरशी आकाश आणि पृथ्वी नव्या वस्तूंनी भरून जायची! दोन पांढऱ्या वस्तू आहेत म्हटले की सारखेपणा आलाच. तिसरे काही नाही. त्रैक्यापुरती मात्र त्याने श्रद्धेला वाट करून दिली, हे मला त्याचे आवडते.

ऑकमचे बिनतोड आहे, हे मला कळते. पण माझा धाकटा भाऊ जाऊन नऊ वर्षे झाली. तो गेला तेव्हा माझे वय, उंची, नोकरी, सगळे होते तसेच राहिले. माझ्यातून वस्तू म्हणून काही गेले नाही, असे ऑकम म्हणेल. काही तरी गेले, एवढे स्कोटस निदान कबूल करतो. म्हणून मी त्याच्या बाजूचा.

आमच्या आईला या दोघांची नावेही ठाऊक नाहीत. दिवाळीत कुणी नवे माणूस फराळाला आले की ती माझ्याकडे बोट करून म्हणते, “हा माझा थोरला.” मग साहजिकच तो माणूस धाकट्याची चौकशी करतो, आणि करंजीचे ताट पुढे सारून आई त्याला सांगत बसते.