नित्यवाचन : घरातील तीर्थयात्रा

तीर्थयात्रेस निघालेला भाविक घर सोडतो, वाटेतील कष्ट सोसतो आणि दर्शनाने कृतार्थ होतो. परंतु यात्रेचे दिवस मोजके असतात. वर्षातील उरलेले दिवस स्वयंपाकघर, शेत, दुकान व कचेरी यांतच जातात. त्या दिवसांत परमार्थाची ओढ कशी टिकवावी? संतांनी याचे उत्तर ग्रंथरूपाने आपल्या घरी आणून ठेवले आहे.

श्रीज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवासे येथे गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. सुमारे नऊ हजार ओव्यांच्या या ग्रंथाची सप्ताह-पारायणे आजही गावोगावी होतात. पारायण पूर्ण झाले, पण वाचन झाले काय, हा प्रश्न मात्र प्रत्येकाने स्वतःस विचारावा. अर्थ पूर्णपणे न कळताही नियमाने पोथीपुढे बसणे ही साधनाच आहे. तिला कमी लेखू नये. तथापि तो उंबरठा आहे, गाभारा नव्हे.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे आली आहेत. त्यांत अमानित्व, अहिंसा, क्षमा, आर्जव यांची गणना आहे, पाठांतराची नाही. ज्ञानाची ओळख आचरणावरून पटते, हेच त्यातून सूचित होते.

इ. स. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, याप्रमाणे अठरा अध्याय पूर्ण झाले. साने गुरुजींनी ती प्रवचने लिहून घेतली. श्रोत्यांना तुरुंगाच्या भिंतीबाहेर पाऊल टाकता येत नव्हते. तरीही कुरुक्षेत्रापासून मोक्षसंन्यासापर्यंतचा प्रवास त्यांना तेथेच घडला. एका अध्यायानंतर दुसरा ऐकण्यास आठवडा जाई. मननास असा अवकाश हवाच.

वाचनातील खरे साहस पोथी मिटल्यावर सुरू होते. सकाळी क्षमेविषयी वाचावे आणि वाटणीवरून अबोला धरलेल्या भावाच्या दारी त्याच सायंकाळी आपण होऊन जावे, ही वाट कोणत्याही घाटापेक्षा अवघड आहे. तेथे ग्रंथ आपली परीक्षा घेतो. त्या दारातून परतणारा मनुष्य पुन्हा पोथी उघडतो, तेव्हा वाचलेली ओवीही त्याला नवी वाटते.

म्हणून भाविकांनी रोज थोडेच, परंतु अर्थासह वाचावे. वाचलेल्यातील एक गोष्ट दिवसभर सोबत ठेवावी आणि रात्री स्वतःस तिचा हिशेब द्यावा. असे घडल्यास क्षेत्रातून घरी परतल्यावरही यात्रा संपत नाही.