सूर्य मावळण्यापूर्वी

रविवारची दुसरी मिस्सा आटोपून आम्ही धर्मग्रामाच्या कार्यालयात बसलो होतो. एक भगिनी आईला सोबत घेऊन आली. विवाह आमच्याच मंदिरात झालेला. दोन वर्षांनी पती कॅनडाला गेला, 'कागदपत्रे झाली की बोलावून घेतो' असे सांगून. प्रथम दररोज फोन येई, मग आठवड्याने, मग सणासुदीला. पुढे तोही बंद झाला. आता तो तिला बोलावीतही नव्हता आणि मोकळीही करीत नव्हता. "फादर, मी थांबू तरी किती? आणि कोणासाठी?" तिने विचारले. त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले त्याची आज आम्हांस खंत वाटते. आम्ही म्हणालो, "बाय, थोडी थांब. प्रार्थना कर. देव मार्ग दाखवील."

ती थांबली. एक नव्हे, तीन वर्षे. ती आमच्या शब्दाखातर थांबली होती, हे आमच्या फार उशिरा ध्यानी आले. म्हणूनच हा प्रश्न वाचकांपुढे ठेवावासा वाटतो: संसार पुन्हा जुळण्याची आशा संपल्यावर, दुसऱ्याची सुटका लांबवीत राहणे हे केवळ दुर्दैव आहे की तो एक अपराध आहे?

कोणी म्हणेल, कॅथॉलिक धर्मगुरूने घटस्फोट लवकर कसा मिळेल ह्याची चर्चा करावी काय? शंका रास्त आहे. देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये ही प्रभूची शिकवण आहे आणि तीत तडजोड नाही. परंतु त्याच ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने परिच्छेद २३८३ मध्ये स्पष्ट केले आहे की, काही न्याय्य हक्क, मुलांचे संगोपन किंवा वारसा ह्यांच्या रक्षणासाठी दिवाणी घटस्फोट हाच एकमेव मार्ग उरला असेल तर तो सहन करता येतो आणि त्यात नैतिक दोष नसतो. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा संस्काराचे बंधन तोडीत नाही, कारण ते त्याच्या अधिकारातच नाही. मग तो हुकूमनामा अडवून ठेवल्याने संस्काराचे रक्षण तरी कसे होणार? अडवणुकीने रक्षण होते ते केवळ अडविणाऱ्याच्या सोयीचे.

शुभवर्तमानातील विधवेचा आणि अन्यायी न्यायाधीशाचा दाखला आपण सारे जाणतो. चिकाटीने प्रार्थना करावी असा बोध आम्ही धर्मगुरू त्यातून देतो, आणि संत लूकनेही तो त्याचसाठी सांगितला आहे. पण त्या न्यायाधीशाने नेमके कोणते वाईट केले, ह्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्याने विधवेविरुद्ध निकाल दिला नव्हता. लाच घेतली असेही शास्त्र सांगत नाही. तो फक्त निकाल देत नव्हता. तेवढ्यानेच तो अन्यायी ठरला.

दोन देशांत विभागलेल्या संसारात असे न्यायाधीश पुष्कळ असतात आणि त्यांतील बहुतेक न्यायासनावर बसलेले नसतात. नोटीस हाती पडू नये म्हणून घर बदलणारा पती हा त्यांतला एक. मुलाचा नवा पत्ता ठाऊक असूनही 'आम्हांला काही माहीत नाही' असे सांगणारे सासर हा दुसरा. पोटगीची रक्कम घटावी म्हणून सही लांबविणारा तिसरा. आणि 'थोडी थांब' म्हणणारा धर्मगुरू हा चौथा.

सगळाच उशीर पापाचा असतो असे मात्र नाही. सीमेपलीकडील दाव्यात काही विलंब व्यवस्थेतच असतो, आणि तो आधी ओळखला तर पुष्कळ कमी करता येतो. आमच्या वसईतून आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात इतकी माणसे गेली आहेत की ही माहिती आता प्रत्येक धर्मग्रामात असायला हवी.

पहिला प्रश्न असतो, दावा कोठे दाखल करायचा? भारतीय घटस्फोट कायदा १८६९ चा. २००१ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. तेव्हापासून जेथे विवाह झाला त्या जिल्ह्यातील न्यायालयातही दाद मागता येते; पती कोठे राहतो ह्यावर सारे अडून राहत नाही. दोन वर्षांचा परित्याग हे आता स्त्रीपुरुष दोघांसाठीही स्वतंत्र कारण आहे आणि परस्परसंमतीची वाटही त्याच दुरुस्तीने कलम १०-अ द्वारे उघडली. मात्र अर्ज करतेवेळी दोघांचा अधिवास भारतात असावा अशी अट कायद्यात आहे. पतीने परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर ह्याच मुद्द्यावर वाद उभा राहू शकतो. तेव्हा वकिलाला पहिल्याच भेटीत हे सांगावे. दोन वर्षे दावा चालल्यावर नव्हे.

दुसरीकडे, तेथल्या न्यायालयातून झटपट हुकूमनामा आणू अशी घाई काही तरुण करतात. कॅनडात पतिपत्नींपैकी एकजण वर्षभर त्या प्रांतात राहिलेला असला की अर्ज करता येतो आणि एक वर्षाचे विभक्तपण एवढे कारण पुरते. परंतु १९९१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी ह्या निकालात घालून दिलेली तत्त्वे ध्यानात ठेवावीत. ज्या कायद्याखाली विवाह झाला त्या कायद्याला मान्य असलेल्या कारणावरच परदेशी हुकूमनामा दिलेला असावा आणि दुसऱ्या पक्षाला आपली बाजू मांडण्याची खरी संधी मिळालेली असावी. अथवा त्याने तेथील न्यायालयाचा अधिकार स्वेच्छेने पत्करून त्या कारणाला संमती दिलेली असावी. नाहीतर तो येथे ग्राह्य धरला जात नाही. मग तीच व्यक्ती तेथे घटस्फोटित आणि येथे विवाहित राहते, आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. जोडीदाराला अंधारात ठेवून केलेली घाई हीदेखील त्याच्यावरील अन्यायच होय, आणि बहुधा तीच सर्वांत लांबचा रस्ता ठरते.

नोटिशीचेही तसेच. न्यायालयीन कागदपत्रे परदेशी बजावण्यासंबंधीचा १९६५ चा हेग करार भारताला १ ऑगस्ट २००७ पासून लागू आहे. कॅनडाही त्यात आहे. अशा देशात कागद जायचे ते त्या देशाने नेमलेल्या केंद्रीय अधिकाऱ्यामार्फत. त्याला काही महिने लागतात. परदेशातून थेट टपालाने भारतात नोटीस बजावण्यास तर आपल्या देशाने हरकतच नोंदविली आहे. तेव्हा आडवाटेने वेळ वाचत नाही. पहिल्याच खेपेस अचूक पत्ता आणि पूर्ण कागद पाठविले तरच तो वाचतो. पत्ता चुकला की काही महिन्यांची ती फेरी पुन्हा आरंभापासून.

ह्यात आम्हां धर्मगुरूंचाही वाटा आहे. विवाहाचा पुरावा म्हणून आमच्याच नोंदवहीतील उतारा मागितला जातो. स्नानसंस्काराच्या वहीत नाव एका प्रकारे, विवाहाच्या वहीत दुसऱ्या आणि पारपत्रावर तिसऱ्या, असे आपल्याकडे सर्रास आढळते. एका अक्षराच्या फरकामुळे कागद परत येतात. तो उतारा परदेशात वापरायचा असेल तर त्यावर ॲपोस्टिलचा शिक्का लागतो. भारतात ही पद्धत २००५ पासून आणि कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून सुरू आहे. म्हणून दाखला मागायला आलेल्या माणसाला 'पुढच्या आठवड्यात या' असे सांगण्यापूर्वी आम्ही दोनदा विचार करावा.

धर्मन्यायालयाचा मार्ग वेगळा आहे, ही गोष्ट अनेक कुटुंबांना फार उशिरा कळते. विवाह मुळातच अवैध होता असा निर्णय धर्मन्यायालयाने दिला तरी त्यामुळे भारतीय कायद्यापुढे विवाह संपत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मॉली जोसेफ प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेव्हा दोन्ही दारे स्वतंत्रपणे ठोठवावी लागतात. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ख्रिस्तसभेच्या कार्यपद्धतीत मोठा बदल केला. १७४१ साली चौदावे बेनेडिक्ट ह्यांनी घालून दिलेली, दोन न्यायालयांचे एकसारखे निकाल लागण्याची अट त्यांनी काढून टाकली. पूर्वी अर्जदाराला स्वतःच्या धर्मप्रांतात अर्ज करायचा तर दोघेही एकाच धर्माध्यक्षीय परिषदेच्या क्षेत्रात राहणारे असावे लागत. आता जोडीदार परदेशी असला तरी अर्जदार आपल्याच धर्मप्रांताच्या न्यायालयाकडे जाऊ शकतो. पहिल्या स्तरावरील खटला एका वर्षाच्या आत संपवावा अशी अपेक्षा धर्मविधानातच आहे. रीतसर बोलावूनही प्रतिवादी आला नाही, तर त्याला गैरहजर ठरवून काम पुढे चालते. त्याचे मौन ही दाराची कडी नव्हे.

ह्या सुधारणेमागील विचार आम्हांस मोलाचा वाटतो. विवाहाचे बंधन सैल करावे असा तिचा उद्देश नव्हता. निर्णयाची वाट पाहणाऱ्यांची मने संशयाच्या अंधारात फार काळ राहू नयेत, ही त्यामागची कळकळ होती. खुद्द ख्रिस्तसभेने विलंब हा आपला दोष मानून सुधारला असेल, तर आपण घरोघरी त्याला सद्गुण कसे म्हणावे?

समेटासाठी थांबणे वेगळे आणि अडवून ठेवणे वेगळे. समेटासाठी थांबणारा बोलतो, भेटतो, पत्र लिहितो. त्याच्या थांबण्याला मुदत असते आणि तो स्वतःही त्यात झिजतो. अडविणारा काहीच करीत नाही आणि झिजते ती समोरची व्यक्ती. पत्नी क्षमेची वाट पाहत असेल तर ते तिचे औदार्य होय. परंतु तिच्या वतीने ते औदार्य ठरविण्याचा अधिकार ना सासरला, ना आम्हांला.

अनुवादाच्या पुस्तकात मजुराविषयी एक आज्ञा आहे. त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी. कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो. मजुरी नाकारू नये एवढ्यावर ती आज्ञा थांबत नाही. देणे वेळेवर न देणे हेही परमेश्वरापुढे पाप ठरते असे ती बजावते. मजुराच्या एका दिवसाविषयी देव इतका दक्ष असेल, तर स्त्रीच्या किंवा पुरुषाच्या आयुष्यातील तारुण्याच्या वर्षांविषयी तो उदासीन असेल काय?

त्या भगिनीने अखेर दावा दाखल केला. पहिली नोटीस 'ह्या पत्त्यावर इसम राहत नाही' ह्या शेऱ्यासह परत आली. मग मात्र आम्हांस राहवले नाही. एका संध्याकाळी आम्ही तिच्या सासूबाईंकडे गेलो. त्या भाविक आहेत. रोजची मिस्सा चुकवीत नाहीत. कॉफी झाल्यावर आम्ही सरळ विचारले, "आई, मुलाचा पत्ता तुमच्याजवळ आहे ना?" बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फादर, तो माझा मुलगा आहे." आम्ही म्हणालो, "आणि तिला ह्या घरात सून म्हणून तुम्हीच ओवाळून घेतले होते." त्या उठल्या आणि येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागून त्यांनी एक लिफाफा काढला. पाठविणाऱ्याचा पत्ता त्यावर स्वच्छ अक्षरांत होता. टपालाचा शिक्का तीन वर्षांपूर्वीचा होता.

दुसरी नोटीस पोहोचली. यथावकाश हुकूमनामा झाला. धर्मन्यायालयाचे काम आता सुरू आहे. ती भगिनी आजही आम्हांला आदराने नमस्कार करते. तिच्या त्या तीन वर्षांचा हिशेब मात्र त्या माउलीइतकाच आम्हांलाही द्यावयाचा आहे. वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या तसबिरीमागे असा लिफाफा असेल, कोणाच्या खणात सही राहिलेला कागद असेल, तर तो आजच बाहेर काढावा, एवढीच विनंती.