उंदराचा गार पंजा

कुष्ठरोग अंगावर कुठे उमटतो ते आधी नीट पाहावं. कानाची पाळी जाड होते, नाक बसतं, हातापायांची बोटं बधिर होऊन वाकतात. कोपरामागून कातडीला लागून जाणारी नस चाचपली तर दोरीसारखी हाताला लागते. काख, जांघ, केसांखालची त्वचा मात्र बहुधा सुटते. शरीराचा जो भाग गार, तिथे हा जंतू रमतो.

नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये आर्मोअर हॅन्सेन यांना हा जंतू 1873 साली दिसला. पण प्रयोगशाळेतल्या बशीत तो वाढेना. 1879 साली हॅन्सेननी एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, हा जंतू सुईने टोचून पाहिला. जंतूनेच रोग होतो हे त्यातून सिद्ध झालं नाही, न्यायालयात मात्र त्यांना रुग्णालयातलं पद गमवावं लागलं. त्यांची ती कृती मला आजही अक्षम्य वाटते. पुढे बाबा आमट्यांनी कलकत्त्यात स्वतःहून हे जंतू टोचून घेतले, तेव्हाही रोग लागला नाही. बहुतेक माणसांत या जंतूविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते. म्हणजे माणसाच्या या रोगाचा नमुना म्हणून खुद्द माणूसही सहजी उपयोगी पडत नाही!

मग उंदीर उपयोगी कसा पडला? 1960 साली अमेरिकेत चार्ल्स शेपर्ड यांनी उंदराच्या मागच्या पंजाच्या गादीत पाचएक हजार जंतू टोचले. ही गादी उंदराच्या पोटापेक्षा बरीच गार असते. जंतू वाढले, पण किती सावकाश! आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. याला बारा-चौदा दिवस लागतात. सहाएक महिन्यांनी पंजात दहा लाखांच्या आसपास जंतू मोजता आले, आणि पुढे वाढ थांबली.

त्या उंदराला कुष्ठरोग झाला, असं म्हणता येईल का? त्याची बोटं वाकली नाहीत, तो धडधाकट हिंडत होता. माणसाचं दुःख त्याच्यात उतरलंच नव्हतं. उतरलं ते एवढंच: जंतू जिवंत आहे की नाही, आणि औषधाने मरतो की नाही. प्राण्यातला नमुना म्हणजे माणसाची छोटी प्रतिकृती, असं आपण धरून चालतो. तसा तो नसतो. तो एका प्रश्नापुरता माणसासारखा असतो, आणि तो प्रश्न कोणता हे ओळखण्यातच संशोधकाचं कसब असतं. डॅप्सोन हे औषध घेऊनही बरे न होणाऱ्या रुग्णांचे जंतू डॅप्सोन मिसळलेलं खाणं खाणाऱ्या उंदरांतही वाढले, तेव्हा 1964 साली औषधाला न जुमानणारे जंतू पुराव्यानिशी हाती लागले. रिफॅम्पिसिन हे दुसरं औषध दिल्यावर काही दिवसांतच रुग्णाच्या कातडीतले जंतू उंदरात वाढेनासे झाले. एकाच औषधावर विसंबू नये, असं सांगणारा 1981 सालचा जागतिक आरोग्य संघटनेचा बहुविध औषधोपचार अशा पंजांवर उभा आहे.

नसा कशा झिजतात, हे मात्र उंदराला विचारून भागेना. त्यासाठी आर्माडिलो लागला. खवल्या मांजराची आठवण व्हावी असा, पण त्याच्याशी सोयरीक नसलेला हा अमेरिकी प्राणी. त्याचं सगळं शरीरच आपल्यापेक्षा गार, 32 ते 35 अंशांचं. आयुष्यही उंदरापेक्षा कितीतरी मोठं. 1971 साली लुइझियानात कर्खहायमर आणि एलिनॉर स्टॉर्स यांनी दाखवलं, की त्याच्या शरीरभर रोग पसरतो. नसाही सुटत नाहीत. एकेका प्राण्यात जंतूंचं पीकच येऊ लागलं. तामिळनाडूतल्या एका रुग्णाचे जंतू असेच आर्माडिलोत वाढवले गेले, आणि 2001 साली त्यांची संपूर्ण जनुकीय मांडणी प्रसिद्ध झाली. निम्म्याच्या आसपास जनुकं मोडीत निघालेला हा जंतू यजमानाच्या पेशीवाचून का जगत नाही, ते तिथे उमगू लागलं.

बशीत तो अजूनही वाढत नाही. नवं औषध त्याला मारतं का, हे पाहायला आजही उंदराच्या गार पंजाकडेच जावं लागतं.