गप्पीची सोयरीक

भोर-वेल्ह्याकडच्या बहुतेकांना गप्पी मासा ठाऊक आहे तो आरोग्य खात्यामुळे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून हौदात सोडतात, तोच. त्याचेच रंगीत, झुबकेदार शेपटीचे भाऊबंद आपण हौसेने काचेच्या पेटीत ठेवतो. मादी साधारण महिन्याला पिल्लं घालते. वर्षभरात पेटी गच्च होते आणि बहीण-भाऊ, बाप-लेक हा भेद संपतो.

सोयरीक जुळवताना आपल्याकडे देवक विचारतात. एकच निघालं की बोलणी तिथंच थांबतात. (मामाची मुलगी चालते, तो भाग वेगळा.) पेटीतली सोयरीकही आपणच जुळवलेली असते, पण तिथं कोण काय विचारतो? सख्ख्या भावंडांच्या संततीत सरासरी 25 टक्के जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. मग दडलेले दोष वर येतात : कणा वाकतो, पिल्लं जगत नाहीत. अर्थात प्रत्येक वाकड्या माशाचं कारण हेच नसतं. क जीवनसत्त्व कमी पडलं किंवा माशांचा क्षय झाला, तरी कणा वाकतो. आणि बलून मॉली या पेटीतल्या माशाचं गोल पोट म्हणजे तर माणसाने मुद्दाम टिकवलेला आखडलेला कणा. त्यालाही गिऱ्हाईक आहेच.

वाकडी पिल्लं मारवत नाहीत, म्हणून काही जण ती ओढ्यात सोडतात. वर पुण्य केल्याचं समाधान. मला ही दया पटत नाही. पेटीतला रोग त्यांच्याबरोबर ओढ्यातून गुंजवणीत, गुंजवणीतून नीरेत जातो. चांगल्या हेतूनेही पाण्यात मासा सोडणं सोपं नसतं. साइक्स या ब्रिटिश निसर्ग-अभ्यासकाने 1839 मध्ये मुळा-मुठेतून नोंदवलेला आपला दख्खनी महसीर लोणावळ्याच्या हॅचरीत वाढवला गेला. तो कावेरीत सोडल्यावर तिथला मूळचा महसीर मागे पडला. आज तो कावेरीचा महसीर नामशेष होण्याच्या काठावर आहे.

पैदास आपण घडवली, तर निस्तरायचीही आपणच. पोहता-खाता न येणारं पिल्लू लवंगतेलाच्या पाण्यात कायमचं निजवणं ओढ्यापेक्षा बरं. वाकड्या माशापासून वीण घेऊ नये. नवा नर दुसऱ्या घरातून आणावा. नर-मादी वेगळे करायचे तर पिल्लं महिन्याची व्हायच्या आत. कारण एकदा संग झाला की मादी साठवलेल्या बीजावर पुढे कित्येक महिने पिल्लं घालत राहते.