दाढदुखी व सोशिकपणा

गेल्या कापसाच्या हंगामांत आमची एक अक्कलदाढ काढावी लागली. एवढ्याशा गोष्टीसाठीं पत्राचे रकाने कां अडवावे, असें आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणेल, व तें म्हणणें वावगें नाहीं. दाढ कोणाची दुखत नाहीं? परंतु त्या आठ दिवसांत दुःख सोसण्याविषयींच्या आमच्या मतांत असा फेर पडला कीं, तो आमच्या उपदेशक बंधूंस सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कारण दुसऱ्याच्या दुखण्याजवळ बसण्याचें काम त्यांसही आमच्याइतकेंच करावें लागतें.

प्रथम आमची चूक सांगतों. देवळी तालुक्यांतील एका खेड्यांत आमच्या मंडळीची एक वृद्ध बाई राहते. कापूस वेचून ती पोट भरते. तिची खालच्या बाजूची एक दाढ कित्येक महिने ठणकत होती, आणि ठणका बसावा म्हणून ती त्याच जागीं तंबाखूची चिमूट दाबून ठेवीत असे. त्यानें हिरडी बधिर होते असें तिचें म्हणणें. दाढ दुखूं लागण्यापूर्वींपासूनच तंबाखू तोंडांत होता, हेंही खरें. आम्ही घरभेटीस गेलों तेव्हां तिचा गाल सुजला होता. तिच्या ओसरीवर बसून आम्ही ईयोबाच्या सहनशीलतेवर चांगले अर्धा तास बोललों, तंबाखूबद्दल दोन कडक शब्द सुनावले, प्रार्थना केली, आणि चहा पिऊन निघालों. ती बिचारी प्रत्येक वाक्यास ‘होय साहेब’ म्हणत होती. ईयोबाच्या मित्रांनीं पहिले सात दिवस तोंडांतून शब्द काढला नाहीं व तोंवर त्यांचें कांहीं चुकलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशीं आठवली नाहीं.

मग आमची पाळी आली. अक्कलदाढ सर्वांच्या शेवटीं, बहुधा १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान, उगवते. जबड्यांत पुरती जागा नसली म्हणजे ती आडवी होते, अर्धी हिरडीखालीं राहते, तिच्याभोंवतीं अन्न अडकतें व जागा पिकते. आमची चाळिशी उलटली तरी ती तशीच अर्धवट होती. वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथें दंतवैद्यकाचें महाविद्यालय आहे, तेथें गेलों. डॉक्टरांनीं हिरडींत सुई टोंचून जागा बधिर केली, हिरडी कापली, थोडें हाड कोरलें, दाढेचे दोन तुकडे करून ते बाहेर काढले व टांके घातले. आम्हांस नुसता दाब जाणवला आणि करकर ऐकूं आली. बाहेर आल्यावर आम्ही मोठ्या ऐटीनें सोबतच्या मुलास म्हणालों, “उगीच भ्यालों!” दांतांखालीं कापसाचा बोळा असल्यामुळें तें त्यास समजलें नाहीं, हें बरेंच झालें, कारण दोन-तीन तासांनीं औषधाचा अंमल उतरला आणि आमची ऐटही उतरली.

पुढचे दिवस कसे गेले हें येथें थोडें सविस्तर लिहितों. ज्यांच्या वांट्यास हें येईल त्यांच्या तें उपयोगीं पडेल. दाढ निघाल्यावर त्या खळग्यांत रक्ताची गुठळी जमते. जखमेचें झांकण तेंच. जोरानें चूळ भरली, वारंवार थुंकलें, किंवा विडी ओढली तर ती गुठळी सुटते, हाड उघडें पडतें, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीं कानापर्यंत जाणारी कळ उठते. म्हणून पहिला दिवस चूळ भरूं नये, लाळ गिळावी, गालावर बाहेरून थंड पाण्याची घडी ठेवावी, डोकें उंच ठेवून निजावें. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यांत मीठ घालून तें तोंडांत हळू फिरवावें. अन्न मऊ व निवलेलें असावें. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं सर्वांत अधिक असते; त्यानें घाबरूं नये. परंतु ताप आला, पू आला, किंवा दुखणें उतरणीस लागून पुन्हां चढलें, तर घरीं लवंग चघळीत न बसतां डॉक्टरांकडे परत जावें. गोळ्याही त्यांनींच सांगितलेल्या घ्याव्या. दुखणें थांबविणाऱ्या कांहीं गोळ्या पोटांत व्रण असलेल्यांस, दम्याच्या रोग्यांस व मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांस बाधतात.

पण आमच्या मनाचें काय झालें तें या सूचनांत येत नाहीं. दुसऱ्या रात्रीं दोनच्या सुमारास आम्ही अंगणांत येरझारा घालीत होतों. त्या वेळीं आम्हांस मंडळी नव्हती, कुटुंब नव्हतें, देशांत दुष्काळ पडला असता तरी त्याची खंत नव्हती. सर्व जग एका खळग्याएवढें झालें होतें. संध्याकाळीं आमच्या पत्नीनें पेज आणली, ती गरम कां म्हणून आम्ही तिच्यावर रागावलों, आणि तीही अर्ध्या उघडणाऱ्या तोंडानें. दुखण्यानें मनुष्य शुद्ध होतो असें आम्हीं कित्येकदां सांगितलें आहे. आमच्यापुरतें सांगावयाचें तर आम्ही त्या आठवड्यांत शुद्ध झालों नाहीं, कुरकुरे झालों. आणखी एक गोष्ट लिहावयास लाज वाटते. शेजाऱ्याच्या ओट्यावर खर्ऱ्याची पुडी पडली होती. ती दिसतांच त्या बाईचें म्हणणें मनांत आलें, कीं त्यानें हिरडी बधिर होते. पुडीस आम्हीं हात लावला नाहीं. पण लावला नाहीं तो सद्गुणामुळें नव्हे, तर गुठळी सुटेल या भीतीनें.

चौथ्या दिवशीं आमचे एक उपदेशक बंधू भेटीस आले. उशाजवळ गोळ्या पाहून त्यांनीं मोठ्या प्रेमानें विचारलें, “साहेब, प्रभूनें वधस्तंभावर बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारला. मग आपण गोळी घ्यावी काय?” प्रश्न साधा नाहीं, व तो हंसण्यावारी नेण्यासारखाही नाहीं. आम्हांस तेव्हां नीट बोलतां येत नव्हतें, म्हणून उत्तर येथें देतों. प्रभूनें तो प्याला नाकारला तो स्वतःसाठीं. जे रोगी त्याच्याकडे आले त्यांपैकीं एकासही, तुझें दुखणें तुझ्या हिताचें आहे, तें असूं दे, असें त्यानें सांगितल्याचें शुभवर्तमानांत कोठें आढळत नाहीं. त्यानें त्यांस बरें केलें. आणि दृष्टांतांतील त्या शोमरोन्यानेंही जखमी मनुष्यास आधीं तेल व द्राक्षारस लावला. बोध केल्याचा तेथें उल्लेख नाहीं.

हा वाद नवा नव्हे. वेदना नाहींशी करण्याच्या शोधांत दांत काढणाऱ्यांचा मोठा वांटा होता, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. अमेरिकेंतील होरेस वेल्स या दंतवैद्यानें १८४४ च्या डिसेंबरांत एक वायु हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. १८४६ सालीं मॉर्टन नांवाच्या दुसऱ्या दंतवैद्यानें बॉस्टनच्या रुग्णालयांत ईथर हुंगवून शस्त्रक्रिया वेदनेवांचून होऊं शकते हें सर्वांसमक्ष दाखविलें. पुढच्याच वर्षीं एडिंबरो येथें डॉ. सिम्प्सन यांनीं बाळंतपणाच्या कळांवर क्लोरोफॉर्म दिलें. नागपुरास ज्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चनें हिस्लॉप साहेबांस पाठविलें, त्याच चर्चचे हे सिम्प्सन. कळा हा हव्वेस दिलेला दंड आहे, तो टाळणें पाप, असा आक्षेप धर्माच्या नांवानें निघेल हें जाणून त्यांनीं १८४७ मध्येंच त्याला उत्तर छापलें, आणि देवानें आदामाची फासळी काढण्यापूर्वीं त्यास गाढ निद्रा आणली याकडे बोट दाखविलें. अलीकडील इतिहासकार म्हणतात कीं, प्रत्यक्ष विरोध दंतकथेंत सांगतात तितका मोठा नव्हता. तसेंच असेल. परंतु जो आक्षेप थोडा निघाला तो स्त्रियांच्या कळांविषयीं निघाला, आणि निघाला तो पुरुषांकडून, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. दुसऱ्याच्या वेदनेंत अर्थ दिसणें फार सोपें असतें.

आमच्या वर्धा जिल्ह्यास या विषयाचें थोडें अधिक शिक्षण मिळालेलें आहे. विनोबाजींनीं १९८२ च्या नोव्हेंबरांत पवनार येथें अन्न व औषध दोन्ही सोडलीं, व १५ तारखेस देह ठेवला. तें बरोबर कीं चूक याविषयीं मतभेद होऊं शकतो. आमचेंही मन त्याकडे वळत नाहीं. परंतु त्यांनीं सोडलें तें स्वतःचें औषध, शेजाऱ्याचें नव्हे. गांधीजींनीं ‘हिंद स्वराज्या’त डॉक्टरांवर कठोर टीका केली होती, तरी १९२४ च्या जानेवारींत पुण्याच्या ससून रुग्णालयांत आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेसाठीं त्यांनीं क्लोरोफॉर्म घेतलें. मध्येंच विजेचे दिवे गेले आणि शेवटचें काम कंदिलाच्या उजेडांत झालें. आणि पुढें सेवाग्रामास महारोगानें पीडित परचुरे शास्त्री आले, तेव्हां त्या विद्वान ब्राह्मणास गांधीजींनीं कर्मविपाक समजावून सांगितला नाहीं. त्यांच्या जखमा धुतल्या व अंगास तेल चोळलें. स्वतःच्या बाबतींत कडक आणि दुसऱ्याच्या बाबतींत मऊ, असा हा क्रम होता. आमचा क्रम, वाचकहो, बरोबर उलट झाला होता. स्वतःसाठीं आम्हीं दर सहा तासांनीं गोळी घेतली, आणि त्या बाईस ईयोब दिला.

सोसणें हा सद्गुण नव्हे असें आमचें म्हणणें नाहीं. गोळी घेऊनही रात्र उरतेच, आणि जेथें गोळी पोहोंचत नाहीं तेथें सोसणें हाच एक आधार असतो. असे कर्करोगाचे रोगी आम्हीं पाहिले आहेत कीं त्यांच्यापुढें आमची मान खालीं झाली. पण ज्या दुखण्यास उपाय आहे तें उपायावांचून सोसावें, असें दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला?

टांके निघाल्यावर आम्ही त्या खेड्यास गेलों. या वेळीं पुस्तक पिशवींतच ठेवलें. तिनें आमचा उतरलेला गाल पाहिला व म्हणाली, “तुमाले बी दुखलं का जी, साहेब?” आम्ही म्हणालों, “फार दुखलें.” त्यानंतर ती जें बोलली तें आमच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यांत आम्हांस कधींच ऐकूं आलें नसतें. तिला सुईची भीति वाटत होती. एक दिवस गेला कीं मजुरी बुडत होती. आणि दवाखान्यांत कागद कोठें दाखवावा हें विचारण्याची लाज वाटत होती. यांतलें एकही कारण अविश्वासाचें नव्हतें. तंबाखूविषयीं आमचें मत बदललेलें नाहीं, व तें तिला पुन्हां सांगितलेंही. मात्र या वेळीं दोघेही सावंगीच्या वाटेवर होतों.

डॉक्टरांनीं तिची दाढ काढली. जेथें चिमूट ठेवीत असे तेथें गालाच्या आंत एक पांढरा चट्टा आढळला. तसल्या चट्ट्यांतून पुढें कर्करोग होऊं शकतो, प्रत्येक वेळीं होतोच असें नाहीं, असें सांगून त्यांनीं एक लहानसा तुकडा तपासणीस घेतला. हें लिहितों तेव्हां त्याचा निकाल यावयाचा आहे. आम्ही चार महिन्यांपूर्वीं तिच्या ओसरीवर बसलों होतों, तेव्हांही तो चट्टा तेथें असेल.

परत येतांना एस.टी.मध्यें ती खिडकीशीं बसली होती. दांतांत कापूस धरलेला, बोलतां येईना. गालावर हात ठेवून, किती दिवस दुखेल असें तिनें खुणेनेंच विचारलें. आम्हीं तीन बोटें दाखविलीं; मग थोडा विचार करून चौथें वर केलें.