मातीची गाय आणि चोविसाव्या हिश्श्याची मोटार

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात एक मातीची गाय येते. ‘गाय’ या शब्दाने नेमके काय सांगितले जाते, समोर उभी असलेली एक गाय, गायीची आकृती, की साऱ्या गायींत समान असलेली जाती, असा वाद तिथे चाललेला असतो. व्यक्ती आणि आकृती एवढ्यावरच भागत असेल तर मातीच्या गायीलाही गाय मानावे लागेल, कारण तिच्यापाशी दोन्ही आहेत. पण तिच्यावर कोणी प्रोक्षण करत नाही, तिचे गोदान होत नाही. तेव्हा जाती मानल्याशिवाय गत्यंतर नाही, असा युक्तिवाद पुढे येतो आणि अखेर व्यक्ती, आकृती, जाती या तिन्ही मिळून पदाचा अर्थ होतो असा निर्णय न्यायसूत्रकार गौतम देतात. मातीची गाय या वादात हरते खरी, पण हरताना एक गोष्ट पदरात पाडून घेते. आकृती मूळ वस्तूपासून सुटी होऊन दुसऱ्या द्रव्यात राहू शकते, हे नैयायिकांना मान्य करावे लागते. आता प्रश्न असा की, अशी सुटी झालेली आकृती पाहणाऱ्याला काही ज्ञान देते का? आणि ती आकृती देवाची, राजाची किंवा विजयी घोड्याची नसून कोणाच्याही लेखी विशेष नसलेल्या वस्तूची असेल, तर ती जपण्यात काही अर्थ आहे का?

हा प्रश्न आज फार बारकाईने विचारला जातो तो तत्त्वज्ञानाच्या वर्गात नव्हे, तर जुन्या, रोजच्या वापरातल्या मोटारींची प्लॅस्टिकची किटे शोधणाऱ्या आणि एकमेकांशी ताडून पाहणाऱ्या लोकांत. किटाच्या डब्यात प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले सुटे भाग असतात. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि जोडायचे. जपान आणि युरोपात प्रमाण बहुधा १/२४ असते, अमेरिकेत १/२५, म्हणजे चार मीटरची मोटार सोळा-सतरा सेंटीमीटरची होते. हा मोठ्या माणसांचा पोरखेळ आहे असे समजून बहुतेक लोक पुढे जातात. मला तो ज्ञानाचा एक खरा व्यवहार वाटतो, आणि मोटार जितकी सामान्य तितकी त्याची गरज अधिक वाटते.

कोणत्या मोटारींना किटे लाभली हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकेत या किटांचे मूळ विक्रीच्या गरजेत आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेली एएमटी आणि डेट्रॉइटची जोहान या कंपन्या मोटार कारखान्यांसाठी छोट्या नमुना-गाड्या बनवत. विक्रेते त्या गिऱ्हाइकाला दाखवत, त्याच्या मुलांच्या हाती देत. १९५८ पासून एएमटीने दरवर्षीच्या नव्या गाड्यांची जोडायची किटे काढायला सुरुवात केली. इथे एक मोठी हानी घडत गेली. मोटारीचे रूप दरवर्षी थोडे बदले, तसा पोलादी साचाही दुरुस्त करून नव्या वर्षासाठी वापरला जाई. साचा बदलला की मागच्या वर्षाची गाडी त्यातून पुन्हा निघणे अशक्य. ज्या साच्यांवर पुढे शर्यतीच्या गाड्यांचे संस्कार झाले, त्यांतून मूळची साधी गाडी तर कायमचीच गेली. त्यातही निवड होती. अमेरिकेतल्या घराघरापुढे चार दारांची सेदान उभी असे, पण किटे बहुतांशी दोन दारांच्या हार्डटॉपची आणि उघड्या टपाच्या कन्व्हर्टिबलची निघाली. सत्तरच्या दशकातल्या एएमसी ग्रेमलिन, फोर्ड पिंटो, शेव्हरोले व्हेगा अशा स्वस्त छोट्या गाड्यांना किटे मिळाली, हे त्यांचे भाग्य. उद्या केवळ या किटांवरून कोणी त्या काळाचा इतिहास लिहायला बसला, तर अमेरिकेतली बहुतेक माणसे दोन दारांच्या चकचकीत गाड्यांतून फिरत होती असेच तो लिहील. जे सर्वांत जास्त होते तेच सर्वांत कमी उरले. देवळांच्या बाबतीत आपल्याला हे ठाऊक आहे. दगडी शिखरे टिकली, आणि ज्या मातीच्या घरांत ती बांधणारे राहिले त्यांचा मागमूस नाही.

यावर सहज उत्तर येते की, सामान्य गाडी जपायची गरजच काय, ती तर सर्वांच्या आठवणीत आहे. मला हा दावा सर्वांत कच्चा वाटतो. जी वस्तू रोज दिसते ती पाहिली जात नाही. फोक्सवॅगन बीटल जगात दोन कोटींहून अधिक निघाल्या, आणि ती गाडी आपल्याला माहीत आहे अशी प्रत्येकाची खात्री असते. पण तिची मागची काच कशी होती? मार्च १९५३ पर्यंत दोन तुकड्यांची, मग १९५७ पर्यंत एकसंध लंबगोल, त्यानंतर रुंद आणि चौकोनाकडे झुकणारी. आठवणीत या तिन्ही काचा एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात. आठवणीतली बीटल ही जाती असते आणि जाती साच्यात ओतता येत नाही. किट बनवणाऱ्याला वर्ष ठरवावेच लागते. म्हणून टामिया कंपनीच्या डब्यावर १९६६ ची १३०० असे लिहिलेले असते आणि हासेगावाच्या डब्यावर १९६७. फ्रान्सच्या सित्रोएन टूसीव्हीचेही तसेच. १९६० च्या अखेरपर्यंत तिचे बॉनेट बारीक पन्हाळ्यांच्या पत्र्याचे होते, पुढे त्यावर मोजके रुंद उठाव आले. मॉडेल करणाऱ्याला ‘साधारण अशी होती’ म्हणून सुटता येत नाही. आठवण जिथे धूसरपणे निभावून नेते तिथे प्लॅस्टिक हटून बसते आणि एका विशिष्ट व्यक्तीची मागणी करते.

ताडून पाहण्याचा भाग इथे सुरू होतो आणि त्याचे मर्म वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी नैयायिकांपेक्षा अधिक नेमके पकडले आहे. उपमान, म्हणजे साम्यावरून जाणणे, हे दोघांनाही मान्य असलेले प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन. रानात गवय नावाचा गायीसारखा प्राणी दिसतो, हे दोघांचेही उदाहरण. नैयायिक म्हणतात, ‘गवय’ हे नाव याच प्राण्याचे, एवढे ज्ञान त्या साम्यातून होते. मीमांसकांचे म्हणणे वेगळे. रानात उभा असलेला माणूस समोरचा गवय डोळ्यांनी पाहतोच. उपमानाने त्याला नवे कळते ते घरी राहिलेल्या, आत्ता समोर नसलेल्या गायीविषयी, की ती याच्यासारखी आहे. समोर असलेल्या प्रतिरूपावरून समोर नसलेल्या वस्तूचे ज्ञान, हेच तर मॉडेल करते. मीमांसक कुमारिलांनी साम्याची व्याख्याही सोयीची केली आहे. एका वस्तूचे पुष्कळ अवयव दुसरीतही समान असणे म्हणजे साम्य. पुष्कळ, सगळे नव्हेत. त्यामुळे बॉनेट न उघडणारे, इंजिन नसलेले किटही साम्याच्या पंक्तीतून उठत नाही. मात्र कोणते अवयव जुळतात आणि कोणते नाहीत, हे मोजावे लागते. जाणकार तेच करतात. चाकांच्या दोन आसांमधले अंतर मोजून चोविसाने गुणतात आणि कारखान्याने दिलेल्या आकड्याशी लावून पाहतात. टपाची उतार-रेघ, पुढच्या काचेचा कल, चाकावरची कमान तपासतात. जुन्या जपानी किटांत बॅटरीवर चालणारी मोटर बसवायची असे, म्हणून तळ जाड आणि गाडीची जमिनीपासूनची उंची चुकीची, हे त्यांच्या चटकन लक्षात येते. एकच साचा वेगळ्या कंपनीच्या डब्यात नव्या नावाने आला तर तेही ते ओळखतात. नाव बदलले, आकृती तीच राहिली.

बौद्ध तर्कशास्त्राचा आक्षेप इथे उभा राहतो. दिङ्नागांनी उपमानाला वेगळे प्रमाण मानले नाही. गवय प्रत्यक्षाने कळला, गाय आठवली, यात तिसरे काय, असा हा रोख आहे. मॉडेलच्या बाबतीत आक्षेप आणखी टोकदार होतो. मॉडेल खरे आहे हे ठरवायला मूळ गाडी माहीत हवी आणि ती माहीत असेल तर मॉडेलने नवे काय सांगितले? हा आक्षेप एका किटापुरता खरा आहे. एकच मॉडेल पाहणारा आपल्या आठवणीलाच प्लॅस्टिकमध्ये पाहतो आणि समाधानाने मान डोलावतो. पण त्याच गाडीची दोन किटे शेजारी ठेवली आणि त्यांच्या टपांची रेघ जुळली नाही, की परिस्थिती बदलते. दोघांपैकी निदान एक चूक आहे. कोणते, हे आठवण सांगू शकत नाही, कारण क्षणापूर्वी दोन्ही तिला बरोबर वाटली होती. आता छायाचित्र काढावे लागते, कारखान्याचे माप शोधावे लागते, कुठे शिल्लक असलेली खरी गाडी गाठावी लागते. म्हणजे मूळ वस्तूचे पूर्ण ज्ञान आधी असावे लागत नाही. एखादे माप, एखादे छायाचित्र पुरते आणि बाकीचे त्या विसंगतीच्या रेट्याने मिळत जाते. मीमांसकांनी साम्यावर भर दिला, पण मला ज्ञानाचे खरे काम वैधर्म्य, म्हणजे भेद, करताना दिसते. छायाचित्रे असताना मॉडेल कशाला, या शंकेचेही उत्तर यातच आहे. छायाचित्र एका जागेवरून घेतलेले असते आणि जे दिसत नाही त्याविषयी त्याला गप्प राहता येते. किटाला गाडीचा तळही बनवावा लागतो.

धर्माच्या बाजूने येणारा आक्षेप अधिक खोल आहे. शुक्रनीतीत असे सांगितले आहे की, देवाची प्रतिमा ओबडधोबड असली तरी ती कल्याण करते, आणि मर्त्यांची प्रतिमा कितीही सुबक असली तरी स्वर्गाकडे नेत नाही. या मतामागची भीती मी हलकी समजत नाही. माणसाचे लक्ष मर्यादित आहे. ते नाशवंत वस्तूच्या हुबेहूबपणात गुंतले तर जे चिरंतन आहे त्यासाठी उरणार किती? पण हे मत पूजेच्या मूर्तीविषयी आहे आणि पूजेत साम्याला महत्त्व नसतेच. देव म्हणून पुजल्या जाणाऱ्या दगडी तांदळ्याला चेहरा नसतो आणि त्याने काही अडत नाही. मॉडेलची कोणी प्राणप्रतिष्ठा करत नाही. त्याच्याकडून अपेक्षा एकच, की त्याने खोटे बोलू नये. शिवाय नाशवंत आणि क्षुद्र यांना एकाच तराजूत टाकण्याला आपल्याकडे मोठे उत्तर मिळालेले आहे. अरणचे सावता माळी पंढरीला गेले नाहीत; मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल दिसला. त्यांच्या दृष्टीचा दाखला मॉडेलच्या छंदाला पवित्र ठरवण्यासाठी मी देत नाही. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की, एकाग्र लक्ष कोणत्या वस्तूवर दिले यावर त्याची योग्यता ठरत नाही. सुबारू ३६० ही १९५८ साली आलेली ३५६ सीसीची, जेमतेम तीन मीटर लांबीची जपानी गाडी युद्धानंतर सावरणाऱ्या कुटुंबांसाठी होती. हासेगावाने तिचे साडेबारा सेंटीमीटरचे किट काढले. तिच्या दाराच्या कडेची रेघ बिनचूक घासणारा माणूस आणि फेरारीची रेघ घासणारा माणूस, यांच्यात पहिल्याचे लक्ष मला अधिक निर्मळ वाटते, कारण वस्तूच्या वैभवाने त्याला ओढलेले नसते.

अपरिग्रहाचा आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो. कपाटात रचून ठेवलेले, पुठ्ठ्याच्या डब्यांवरचा प्लॅस्टिकचा कागदही न फाडलेले शंभर डबे म्हणजे ज्ञान नव्हे, साठा आहे. हातांनी जोडल्याशिवाय किट काही शिकवत नाही.

शेवटचा आक्षेप गाडीवरच आहे. यांतल्या अनेक गाड्या वाईट होत्या, त्यांचे कौतुक कशाला? पूर्व जर्मनीत त्स्विकाऊला बनणारी ट्राबांट ६०१ हे याचे ठळक उदाहरण. ती १९६४ पासून बर्लिनची भिंत पडल्यानंतरही थोडा काळ निघत राहिली. दोन सिलिंडरचे दोन-स्ट्रोक इंजिन, मागे निळसर धूर, पत्र्याच्या तुटवड्यामुळे राळ आणि कापसाच्या तंतूंपासून दाबून केलेली बाहेरची अंगे, आणि ती मिळायला वर्षानुवर्षांची प्रतीक्षा. रेवेलने तिचे १/२४ किट काढले. त्यात गौरव कोणता? काहीच नाही, आणि हीच त्याची किंमत आहे. डॅशबोर्डवरचे मोजके काटे, पातळ आसने, चिमुकले इंजिन यांतले काही वाढवायचे नाही, काही झाकायचे नाही. त्या राजवटीने आपल्या नागरिकांना काय दिले, हे त्या डॅशबोर्डइतके थोडक्यात क्वचितच सांगता येईल. यथार्थ प्रतिकृती ही स्तुती नसते. साक्षीदाराने आरोपीवर प्रेम करावे असे आपण म्हणत नाही, फक्त पाहिले ते सांगावे म्हणतो.

आणि आपल्या साक्षीचे काय? मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात निघालेली प्रीमिअर पद्मिनी कित्येक दशके महाराष्ट्रातल्या माणसाची घरची गाडी होती, काळी-पिवळी टॅक्सी होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर ती टॅक्सी म्हणून उरली नाही. टामिया, हासेगावा, रेवेल यांपैकी कोणी तिचे किट काढलेले नाही आणि ते काढतील अशी आशा धरण्याचे कारणही नाही. पण आता संगणकावर आराखडा करून छोट्या यंत्रावर एकेक भाग छापून घेता येतो, त्याला मोठा कारखाना लागत नाही. लागतात ती खरी मापे. ज्यांच्या दारात, गॅरेजमध्ये किंवा गावाकडच्या पडवीत पद्मिनी अजून उभी आहे त्यांनी टेप घेऊन तिची लांबी-रुंदी, आसांमधले अंतर, टपाचा उतार मोजावा, डॅशबोर्डची आणि तळाची छायाचित्रे घ्यावीत, गाडी कोणत्या सालची ते त्यावर लिहावे आणि ते कागद मागेल त्याला द्यावेत. हे काम गाड्या उभ्या आहेत तोवरच होणार आहे.